जेलीफिनचा वेब क्लायंट वेगळा लावायचा, की सर्व्हरसोबत येतो तोच पुरे?

केळीबाग_चोपडा
घर चोपड्याला, नोकरी पुण्यात. घरच्या जुन्या डेस्कटॉपवर जेलीफिन चालतंय, म्हणजे आपले व्हिडिओ घरच्या मशीनवर ठेवून फोन, टीव्ही, ब्राउझरवर बघायचा सर्व्हर. त्यात लग्नांच्या डीव्हीडी, कानबाईच्या रात्रीचं शूटिंग, अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडी असं सगळं भरलंय. धुळ्याला भावाकडे दुसरा सर्व्हर आहे. दोन पत्ते, दोन लॉगिन, आणि आई दर वेळी फोन करून विचारते, "मावशीचं लग्न कोणत्यात आहे रे?"

माझं मत असं की वेब क्लायंट, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं त्याचं पान, सर्व्हरपासून सोडवून वेगळा ठेवावा. शेवटी ती एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टची स्थिर पानं आहेत, एनजिनेक्ससारख्या कुठल्याही वेब सर्व्हरवरून देता येतात. जेलीफिन-व्ह्यू हा त्याचाच दुसरा वेब क्लायंट, त्याची तर तयार डॉकर इमेज (सरळ चालवता येणारं तयार पॅकेज) मिळते, सर्व्हरचे पत्ते आधीच देऊन ठेवता येतात. मी ते पुण्यातल्या भाड्याच्या सर्व्हरवर टाकणार. एकच पत्ता, त्यातून दोन्ही घरं. उद्या चोपड्याचं मशीन बदललं तरी आईचा बुकमार्क तोच राहील. कोणाचा विरोध असेल तर कारणासकट सांगा.

भुसावळ_यार्ड
विरोध आहे. सर्व्हरसोबत येणारा वेब क्लायंट त्याच आवृत्तीसाठी बांधलेला असतो. वेगळा काढला की दोन गोष्टी अपडेट करायच्या, आणि एक पुढे एक मागे राहिली की कुठलं तरी पान उघडेनासं होतं. व्ह्यूवाला क्लायंट तर त्याचे कर्तेच प्रायोगिक म्हणतात. तुम्ही हौसेने वापरा, आईच्या गळ्यात कशाला?

आणि एक इशारा. वेगळा क्लायंट लावला की काही जण सर्व्हरमधला बंद करून टाकतात, नोवेबक्लायंटचा पर्याय देऊन. तसं करू नका. अँड्रॉइड फोनवरचं जेलीफिन अ‍ॅप आतून सर्व्हरचाच वेब क्लायंट उघडतं, एलजीच्या टीव्हीवरचंही तसंच. तो बंद केला की ब्राउझर चालेल आणि फोन-टीव्ही गप्प बसतील. अँड्रॉइड टीव्हीचं अ‍ॅप तेवढं स्वतंत्र आहे.

गिरणाकाठ
इतलं कसाले भो? पेनड्राइव्ह टीव्हीले लाव, झायं.

केळीबाग_चोपडा
@गिरणाकाठ नाना, पेनड्राइव्ह पुण्याहून कोण लावणार? 😄

@भुसावळ_यार्ड बंद करायचा विचार नव्हताच. आवृत्तीचा मुद्दा मान्य, पण त्यासाठी व्ह्यूच पाहिजे असं नाही. मूळ जेलीफिन-वेबच वेगळा ठेवायचा आणि त्याच्या कॉन्फिग फाइलीत मल्टीसर्व्हर (एकाच पानातून अनेक सर्व्हर) चालू करायचं. मुळात ते बंद असतं, म्हणून लोकांना माहीत नाही.

सातपुडा_यावल
दादा, तुमची कल्पना चांगली आहे, पण पुण्याच्या सर्व्हरवर पान ठेवल्यावर नेमकं काय होतं ते आधी बघा. मी याच कारणासाठी विरोधात आहे.

पान पुण्याहून येतं. व्हिडिओ पुण्याहून जात नाही. पान उघडल्यावर आईचा ब्राउझर स्वतः चोपड्याच्या सर्व्हरशी बोलतो, म्हणजे सर्व्हरचा पत्ता आईच्या ब्राउझरला पोचता आला पाहिजे. पुण्याच्या मशीनला पोचतो की नाही याला काही अर्थ नाही. वेगळा क्लायंट लावला की सर्व्हर आपोआप बाहेरून दिसेल असं बरेच जण धरून चालतात आणि मग रात्रभर डॉकरच्या नोंदी वाचत बसतात.

आता खरी गाठ. पुण्याचं पान तुम्ही एचटीटीपीएसवरच ठेवणार. घरचा सर्व्हर असतो १९२.१६८ वाल्या पत्त्यावर, ८०९६ पोर्टवर, साध्या एचटीटीपीने. सुरक्षित पानातून साध्या एचटीटीपीला गेलेली विनंती ब्राउझर अडवतो. पडद्यावर फक्त "सर्व्हरशी जोडता येत नाही" एवढंच दिसतं, खरं कारण डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलमध्ये. लोक कॉर्सला (दुसऱ्या पत्त्यावरच्या पानाला उत्तर द्यायचं की नाही, या नियमाला) दोष देतात, पण जेलीफिन मुळातच कुठल्याही पत्त्यावरच्या पानाला उत्तर देतो. कॉर्स बदलून हे सुटत नाही. सर्व्हरपुढे कॅडी किंवा एनजिनेक्स मध्यस्थ म्हणून बसवून खरं एचटीटीपीएस प्रमाणपत्र लावलं तरच सुटतं. एनजिनेक्स असेल तर वेबसॉकेटचे (ब्राउझर-सर्व्हरमधल्या सतत चालू जोडणीचे) हेडर पुढे पाठवायला विसरू नका.

म्हणजे दोन्ही घरच्या सर्व्हरना डोमेन आणि प्रमाणपत्र आलंच. ते आलं की चोपड्याचा सर्व्हर थेट त्याच पत्त्यावर उघडतो, आणि मशीन बदललं तरी डोमेन तेच राहतं. बुकमार्कचा प्रश्न तिथेच मिटला. मग पुण्याचं पान कशासाठी?

धुळे_गल्ली_नं_५
ताई, "कशासाठी" याचं उत्तर आहे. दोन घरं, एक दार. माझ्याकडे असंच आहे, मी दुसऱ्या बाजूने बोलतो.

आमच्याकडचं फायबर सीजीनॅटच्या मागे आहे, म्हणजे कंपनी अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते. राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या) पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ मध्ये असली की समजायचं, पोर्ट उघडून उपयोग नाही. मी टेलस्केल लावलं, आपल्याच मशीनींचं खाजगी जाळं बनवणारं व्हीपीएन. त्यातून प्रत्येक मशीनला नाव मिळतं, त्या नावाचं प्रमाणपत्रही मिळतं, तुम्ही म्हणता ती एचटीटीपीएसची अडचण संपली. पोर्ट जगाला उघडावा लागत नाही, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. या जाळ्यातच एका मशीनवर वेगळा क्लायंट ठेवला. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर टेलस्केल टाकून द्यावं लागलं, एवढाच खर्च.

सातपुडा_यावल
आणि टीव्हीवर? एलजीच्या टीव्हीवर टेलस्केल कसं टाकणार? शिवाय मल्टीसर्व्हर म्हणजे दोन लायब्ररी एक होत नाहीत. आधी सर्व्हर निवडायचा, मग आत जायचं. शोध घेतला तर ज्यात आहात त्याच सर्व्हरमध्ये. आईचा प्रश्न "मावशीचं लग्न कोणत्यात आहे" हा होता ना? तो प्रश्न दारापाशीच उभा राहिला.

धुळे_गल्ली_नं_५
टीव्हीचं खरं आहे, तिथे मी अँड्रॉइड बॉक्स लावलाय. शोधाचंही खरं. तरी दोन बुकमार्कपेक्षा एक बरा, यावर मी ठाम आहे.

वरणबट्टी
सगळे दाराबद्दल भांडताहेत, आतल्या मालाबद्दल कोणी बोलेना.

लग्नाच्या डीव्हीडीतला व्हिडिओ एमपेग-२ असतो, ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं चित्र). व्हीसीडीतला एमपेग-१. हे नेहमीचे ब्राउझर सरळ वाजवत नाहीत. जुना क्लायंट, नवा क्लायंट, पुण्याचा, धुळ्याचा, काहीही लावा, सर्व्हरला दर वेळी ट्रान्सकोड करावंच लागणार, म्हणजे चालू असतानाच व्हिडिओ दुसऱ्या प्रकारात बदलावा लागणार. मे महिन्यात ४५ अंशांत, पत्र्याच्या खोलीत, त्या डेस्कटॉपला तुम्ही प्रत्येक वेळी मावशीचं लग्न नव्याने शिजवायला लावणार! एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामने एकदाच डीइंटरलेस करून एच.२६४ आणि एएसीमध्ये एमपी४ करून टाका. डीव्हीडीतल्या मूळ व्हीओबी फाइली दुसऱ्या डिस्कवर जपून ठेवा, कारण डीव्हीडीच्या तबकड्या खराब व्हायला लागल्यात.

भुसावळ_यार्ड
अतिशयोक्ती करू नका वरणबट्टीशेठ. ७२० बाय ५७६चं ट्रान्सकोड जुना आय-३ सुद्धा हसत करतो. घाम फुटतो तो फोर-केला. डीटीएस आवाजाला तर फक्त आवाज बदलावा लागतो, चित्र जसंच्या तसं जातं.

वरणबट्टी
करतो हो, पण लाइट गेली की इन्व्हर्टरवर तोच आय-३ पंख्याच्या वाट्याची वीज खातो. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाते ते तुम्हाला सांगायला नको.

रावेर_एक्सप्रेस
थोडं विषयांतर. मी प्लेक्स या तशाच दुसऱ्या सर्व्हरवरून जेलीफिनवर आलो. घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायला प्लेक्सने २०२५ मध्ये पैसे लावले, तेव्हा. जेलीफिनचा जन्मही अशाच कारणाने, ज्यातून तो निघाला त्या एम्बीने स्रोत बंद केल्यावर २०१८च्या डिसेंबरमध्ये. म्हणून क्लायंट वेगळा ठेवण्याच्या मी बाजूने आहे. सर्व्हर आणि पान वेगळे असले की एक बदलता येतो, दुसरा तसाच राहतो.

सातपुडा_यावल
दादा, जेलीफिनमध्ये दोन्हीचा स्रोत खुलाच आहे. सर्व्हरसोबतचा क्लायंट वापरला म्हणून तो उद्या बदलायला कोण अडवतंय? आज वेगळं कंटेनर चालवायचं, त्याला अपडेट द्यायचे, त्याचं प्रमाणपत्र संपलं की बघायचं, हे सगळं न आलेल्या संकटासाठी.

केळीबाग_चोपडा
मावशीचं लग्न एमपी४ करून दोन्ही सर्व्हरवर टाकतो, म्हणजे आईचा प्रश्न तरी सुटेल. टेलस्केल अण्णांच्या फोनवर या शनिवारी टाकतो. पुण्याच्या भाड्याच्या सर्व्हरचा बेत रद्द. पण वेगळा क्लायंट मी लावणारच, टेलस्केलच्या आत, धुळ्याच्या भावाच्या मशीनवर. @धुळे_गल्ली_नं_५ भाऊ, तुमची कंपोज फाइल (डॉकरची मांडणी लिहिलेली) टाका.

धुळे_गल्ली_नं_५
संध्याकाळी टाकतो. इमेजवर लेटेस्ट लिहू नका, आवृत्तीचा आकडा लिहा आणि दोन्ही सर्व्हर त्याच आवृत्तीवर ठेवा. नाहीतर भुसावळकर "मी म्हटलं होतं" म्हणायला येतील.

भुसावळ_यार्ड
येणारच.