विक्रीतला वाटा दान करताना हिशेब कसा ठेवावा?

प्रश्न (लातूर): आमचे डाळीचे छोटे दुकान आहे. किलोमागे २ रुपये मुलींच्या वसतिगृहाला देण्याची पाटी गल्ल्याजवळ लावली आहे. ही रक्कम नफा झाला तरच द्यावी का, आणि करात सवलत मिळते का?

उत्तर (नांदेड): पाटी म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द असतो, म्हणून नफा होवो न होवो, ते २ रुपये रोज वेगळ्या वहीत मांडून महिनाअखेरीस बँकेतूनच पाठवावेत, कारण २००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला प्राप्तिकराच्या १९६१च्या कायद्यातील कलम ८०जीची, म्हणजे देणगीची रक्कम करपात्र उत्पन्नातून कमी करण्याची, वजावट मिळत नाही. वस्तुरूप दानालाही ती नाही, तरी डाळीचे पोते जरूर द्यावे.

उत्तर (परभणी): वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. संस्थेकडून देणगी मिळाल्याचे प्रमाणपत्र (१०बीई) मागून घ्यावे. आम्ही दरमहा पावती पाटीखालीच चिकटवतो. पिशवी हातात धरून माणसे ती वाचतात.