रिलोडिंगसाठी (वापरलेली काडतुसं पुन्हा भरायला) पहिला प्रेस कोणता घ्यावा? (बजेट कमी)

नवा_नेमबाज: .३८ स्पेशल (रिव्हॉल्व्हर) आणि .३०८ (रायफल), महिन्याला शे-दोनशे काडतुसं. परवाना, परवानगी सगळं झालंय. पैसे सिंगल स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारा), डाय (साचे) आणि एका तराजूपुरतेच. प्रोग्रेसिव्ह (दर ओढीला सगळी कामं एकदम करणारा) सुचवू नका. नवखे कुठे चुकतात तेही सांगा.

पितळ्या: प्रोग्रेसिव्हच घ्या. सिंगल स्टेजवर शंभर काडतुसांत अख्खी संध्याकाळ जाते. दोन महिन्यांत कंटाळून विकाल.

सावकाश: अहो, ते नको म्हणतायत ना! प्रोग्रेसिव्हवर मध्येच काही अडकलं आणि केस फिरवणारी प्लेट मागेपुढे केली की एका केसमध्ये (काडतुसाच्या पितळी टोपणात) दुप्पट पावडर (बारूद), दुसरीत शून्य. .३८ स्पेशल मूळची ब्लॅक पावडरच्या काळातली, पोट मोठं. आजची जलद पावडर तळाशीच राहते, दुप्पट पडली तरी सांडत नाही. ५० केस ब्लॉकमध्ये (भोकांच्या ठोकळ्यात) उभ्या करा, पावडर भरा, टॉर्च मारून सगळ्यांची पातळी बघा, मगच बुलेट बसवा. पावडरही फुगीर निवडा, दुप्पट पडली तर ओसंडेल अशी.

पितळ्या: पावडर चेक डाय नावाची वस्तू असते, पातळी चुकली की कळतं.

दांडीबहाद्दर: प्रेसवरून कसले भांडताय, घोटाळा तराजूत होतो. डिजिटल असेल तर आधी गरम होऊ द्या, पंखा बंद, मोबाइल लांब, आणि दर वेळी चेक वेटने (ठरावीक वजनाच्या मापाने) तपासा. बटण चुकून ग्रेनवरून ग्रॅमवर गेलं तर संपलंच: १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. साधा दांडीचा घ्या. आणि टेबलावर पावडरचा एकच डबा. काम झालं की हॉपर (पावडर ओतायचं भांडं) लगेच रिकामा करायचा. उद्या आत काय होतं ते आठवत नाही.

टॉपशॉट: दुप्पट पावडरपासून सांभाळा, टॉर्च वापरा.

सावकाश: वर सांगून झालंय.

मोजपट्टी: .३०८ बद्दल कुणीच बोललं नाही. .३८ ला कार्बाइड डाय (कठीण धातूची) घेतली तर ल्यूब (वंगण) लागत नाही. .३०८ ला लागतेच, नाहीतर केस डायमध्ये अशी रुतते की रिम (बुडाची कड) उपटून हातात येते. ल्यूब जास्त झाली तर केसच्या खांद्यावर खळगे पडतात. केसची लांबी कॅलिपरने मोजा: कमाल २.०१५ इंच, ट्रिम २.००५ ला. लांब राहिली तर केसचं तोंड चेंबरमध्ये बुलेटवर आवळलं जातं आणि दाब चढतो. बुडाच्या थोडं वर चकचकीत कडं दिसलं तर पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवा. खाचेत अडकलं की केस आतून झिजून तुटायला आलीय, भंगारात. प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) बुडापेक्षा किंचित आतच हवा, बोट फिरवून बघा.

पितळ्या: प्रायमर मिळाले तर! सगळे साठवून बसलेत.

दांडीबहाद्दर: पावडर मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासूनच हळूहळू वाढवा. आणि बार फुस्स वाजला तर पुढची गोळी झाडायची नाही. बंदूक रिकामी करा, नळीत सळई घालून बघा. बुलेट आत अडकली असेल तर मागून येणारी नळी फोडते.

नवा_नेमबाज: आभार. टेबल ठोकायला जागा नाही, म्हणून हातात धरायचा प्रेस मागवला. .३०८ तूर्त विकतचीच. तराजू दांडीचा.

मोजपट्टी: निदान डाय कार्बाइड घेतलीत ना?

पितळ्या: हँड प्रेस! प्रोग्रेसिव्ह घेतला असता तर.