काम करणारी माणसं काढली की पुतळ्यासारखी दिसतात, काय चुकतंय?

गेले चार-पाच महिने रोज अर्धा तास बाहेर बसून काम करणाऱ्या लोकांची पेन्सिल स्केचेस काढतेय, गवंडी, हमाल, झाडणाऱ्या बायका. चेहरे जमतात, कपड्यांच्या चुण्याही ठीक येतात, पण माणूस काम करतोय असं वाटतच नाही, पाठीवर पोतं देऊन फोटोला उभा केल्यासारखा दिसतो. खांदे काढेपर्यंत तो हललेला असतो, मग घरी फोटो बघून पूर्ण करते तर अजूनच निर्जीव होतं. एचबी आणि २बी वापरते.

उत्तर १
चेहरा शेवटी काढा. आधी वजन कुठे पडतंय ते बघा. पाठीवर पोतं असलं की माणूस पुढे झुकतोच, नाहीतर मागे पडेल ना, म्हणजे पोतं आणि शरीर दोन्ही मिळून तोल पावलांवर येतो. तुम्ही बहुतेक त्याला सरळ काढून वरून पोतं ठेवताय, म्हणून ते पोकळ वाटतं.

आणि हलला तर हलू दे. गवंडी तीच हालचाल शंभरदा करतो, वाकतो, थापीवर माल घेतो, लावतो, सारखा करतो. एकाच पानावर चार चित्रं सुरू करा, तो ज्या पोझमध्ये येईल त्या चित्रावर दोन रेघा, परत तिथे आला की अजून दोन. दहा मिनिटांत चारही उभी राहतात. फोटोत हे मिळत नाही, त्यात आधीचा-नंतरचा क्षण नसतो.

उत्तर २
पेन्सिल बदला. ४बी-६बी म्हणजे जास्त मऊ पेन्सिल घ्या, आडवी धरा, हात खांद्यातून फिरवा, खोडरबर घरीच ठेवा. मऊ पेन्सिलीत ग्राफाइट जास्त आणि माती कमी, त्यामुळे गडद भाग चमकतो. चित्रकार व्हॅन गॉग नेदरलँड्समधल्या हेगला असताना, १८८२-८३ च्या सुमारास, खणणारे मजूर, म्हातारी माणसं सुताराच्या पेन्सिलीने काढायचा आणि ती चमक घालवायला वरून दूध-पाणी लावायचा. कागद मात्र जाड हवा.

उत्तर ३
वरचं सगळं बरोबर, फक्त काम करतानाच काढायला पाहिजे असं नाही. टेकून बसलेल्या माणसाचे हात बघा, ते मांडीवर कसे पडलेले असतात, त्यात अख्खा दिवस दिसतो. जर्मन चित्रकार केथे कोलविट्झ हिचा नवरा बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर होता, त्याच्याकडे येणाऱ्या बायका तिने जवळून पाहिल्या, तिची चित्रं बघाच. तिने स्वतः लिहून ठेवलंय की सुरुवातीला ती कामगारांकडे वळली ती दया वाटली म्हणून नाही, ते तिला सुंदर वाटले म्हणून. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कीव करत काढलं की सगळेच खांदे पाडलेले निघतात. आणि चित्र झालं की त्या माणसाला दाखवा, थापी चुकीची धरलीय हे तोच सांगेल.

मूळ प्रश्नकर्ती
आज ४बीने हमालाच्या चार पोझ एकाच पानावर केल्या. चेहरा एकालाही नाही, पण पोतं जड दिसतंय! त्याला दाखवलं तर म्हणाला डावा हात वर पाहिजे, तो पोत्याचा कान धरतो. उद्या तो हात काढते.