मदत हवी आहे: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) पहिलं वर्ष, मराठी माध्यम, ॲनाटॉमीचे (शरीररचनेचे) शब्द डोक्यात राहत नाहीत

नवशिकी

नमस्कार मंडळी. बारावी कला शाखेतून, मराठी माध्यमातून झाली आहे. आता जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे. पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. पाठ केलेले शब्द आठवड्याभरात पुसले जातात. नेमके प्रश्न असे:

१. एकेक शब्द लांबलचक असतो. पाठांतराशिवाय दुसरा मार्ग आहे का?
२. मनगटात आठ हाडं, कण्यात तेहेतीस मणके. क्रम लक्षात कसा ठेवायचा?
३. वर्गातला सांगाडा एक आणि मुली साठ. घरी अभ्यासाला काय वापरता येईल?
४. तोंडी परीक्षेत हाड हातात देऊन 'डावं की उजवं' विचारतात. ते कसं ओळखायचं?

वह्यांमध्ये सगळं मराठी लिपीत उतरवून ठेवलं आहे, म्हणजे वाचायला सोपं जातं. कोणी या क्षेत्रातले असतील तर कृपया सांगा.

कृष्णाकाठ

ताई, आधी एक भीती काढून टाका. मराठी माध्यम हे इथे ओझं नाही. वैद्यकीय शब्द इंग्रजी नाहीतच, बहुतेक ग्रीक आणि लॅटिन आहेत, आणि त्या दोन्ही भाषा संस्कृतच्या चुलत बहिणी. इंग्रजी माध्यमातल्या मुलीलाही ते परकेच असतात. उलट तुमच्याकडे काही शब्द घरातलेच निघतील.

'हायपर' आणि 'हायपो' यांत सगळे गोंधळतात. हायपर म्हणजे आपलं 'उपरि', वर, जास्त. हायपो म्हणजे आपलं 'उप', खाली, कमी. सरपंचाच्या खाली उपसरपंच, तसा नेहमीच्या पातळीच्या खाली हायपो. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की हायपोग्लायसेमिया. एकदा ही जोडी बसली की वर्षभर उलटसुलट होत नाही.

'पेरि' म्हणजे 'परि', भोवती. परिसर, परिघ यातला. पेरिकार्डियम हृदयाभोवतीचं आवरण, पेरिऑस्टियम हाडाभोवतीचं. 'डिस' म्हणजे 'दुस्', दुर्दशा-दुष्काळातला. डिस्युरिया म्हणजे लघवीला त्रास. 'अन्' तर जसाच्या तसा, अनावश्यक मधला. अन्युरिया म्हणजे लघवी जवळजवळ न होणं. ऑस्टिऑन म्हणजे अस्थी, एन्टेरॉन म्हणजे आंत्र, डेन्स म्हणजे दंत, स्प्लेन म्हणजे प्लीहा. गुडघ्याला लॅटिनमध्ये 'जेनू', तोच आपल्या आजानुबाहूमधला 'जानु'. गुडघे आत वळून एकमेकांना लागतात तो जेनू व्हॅल्गम, बाहेर धनुष्यासारखे वाकतात तो जेनू व्हॅरम.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण 'मायल' या धातूचं (मूळ शब्दाचं). पुस्तकात त्याचे दोन अर्थ दिलेले असतात, हाडातला मगज आणि कण्यातला रज्जू, आणि विद्यार्थी चिडतात की एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे. पण मराठीतही हेच आहे की. अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू, दोन्हीकडे मज्जाच. त्यामुळे ऑस्टिओमायलायटिस हा हाडाचा दाह, पोलिओमायलायटिस हा मज्जारज्जूचा.

आता वाचायची पद्धत. शब्द शेपटाकडून उलगडा. कोलेसिस्टेक्टॉमी घ्या. शेपूट 'एक्टॉमी', कापून काढणं. मधला 'सिस्ट', पिशवी. पुढचा 'कोले', पित्त. पित्ताची पिशवी काढणं. नेहमीची शेपटं थोडीच आहेत आणि तीच पुन्हा पुन्हा येतात: आयटिस दाह, अल्जिया दुखणं, एमिया रक्तातलं, युरिया लघवीतलं, मेगाली आकार वाढणं, पेनिया कमतरता, स्कोपी आत पाहणं, प्लास्टी दुरुस्त करून घडवणं.

तीन शेपटं मात्र एकमेकांशेजारी लिहून ठेवा. 'ओटॉमी' म्हणजे चीर. 'एक्टॉमी' म्हणजे काढून टाकणं. 'ऑस्टॉमी' म्हणजे नवं तोंड करणं. स्टोमा म्हणजेच तोंड. कोलेक्टॉमीच्या पेशंटचं आतडं काढलेलं असतं, कोलॉस्टॉमीच्या पेशंटच्या पोटावर आतड्याचं तोंड असतं आणि तिथे पिशवी लावलेली असते. वॉर्डात या दोघांची देखभाल पूर्ण वेगळी, म्हणून एका अक्षराची चूक चालत नाही.

रोज आठ धातू पुरे. पहिल्या दिवशी केलेले तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी कोऱ्या कागदावर आठवून लिहा. वाचून काढू नका. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, लिहायला बसलं की कळतं.

वॉर्ड क्र. ७

वरचं सगळं पटलं, पण वह्या मराठी लिपीत आहेत हे वाचून थांबले. हे आजच बदला. उच्चार मराठीत लिहा, हरकत नाही, पण शेजारी इंग्रजी स्पेलिंग हवंच. आपली लिपी उच्चार दाखवते आणि स्पेलिंग लपवते. पेपरात आणि केस पेपरवर नेमकं स्पेलिंगच पाहिलं जातं.

'इलियम' लिहिलंत तर ते काय, लहान आतड्याचा शेवटचा भाग की खुब्याचं हाड? मराठीत दोन्ही सारखंच. स्पेलिंगमध्ये मधलं अक्षर 'ई' असेल तर आतडं, 'आय' असेल तर हाड. 'हिप'च्या स्पेलिंगमध्येही 'आय' आहे, तेवढं धरून ठेवा. 'कोले' पित्ताचं, त्यात सी नंतर एच येतो. मोठ्या आतड्याच्या 'कोलो'त एच नाही. 'पायो' म्हणजे पू, 'पायलो' म्हणजे मूत्रपिंडातली पेल्यासारखी पोकळी.

सगळ्यात धोक्याची जोडी हायपोकॅलेमिया आणि हायपोकॅल्सेमिया. पहिल्यात पोटॅशियम कमी, दुसऱ्यात कॅल्शियम कमी. पोटॅशियमचं चिन्ह 'के', कॅलियमवरून आलेलं, म्हणून स्पेलिंगमध्ये 'के' दिसला की पोटॅशियम. ऐकून घाईत लिहिलं तर चुकीचं औषध चढू शकतं.

युरेटर आणि युरेथ्रासाठी मराठी खूण: 'ट' टाकीत, 'थ' थेट बाहेर. युरेटर मूत्रपिंडाकडून टाकीत, म्हणजे मूत्राशयात आणतो. दोन असतात, प्रत्येकी २५ ते ३० सेंटिमीटर. युरेथ्रा तिथून थेट बाहेर. एकच, बायकांमध्ये साधारण ४ सेंटिमीटर, पुरुषांमध्ये १८ ते २०. कॅथेटर (लघवीसाठी घालायची नळी) युरेथ्रातून जातो. बायकांमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग जास्त का होतो याचं एक मोठं कारण या ४ सेंटिमीटरमध्येच आहे, जंतूंना वाट फार थोडी चालावी लागते.

उच्चारांचं एक: शब्दाच्या सुरुवातीला 'पी-एन' किंवा 'पी-एस' आलं की पी गप्प, न्यूमोनिया, सोअस. तोच मधे आला की बोलतो, ॲप्निया.

नवशिकी

खूप आभार. वह्या आजपासून बदलते. एक शंका आली. 'नस' याला इंग्रजीत काय लिहायचं? एका ठिकाणी व्हेन दिलंय, एका ठिकाणी नर्व्ह.

अस्थिपंजर

फार चांगला प्रश्न. 'नस' हा शब्द अभ्यासातून काढून टाका. बोलण्यात आपण 'नस दबली' म्हणतो तेव्हा ती नर्व्ह (मज्जातंतू) असते, 'नस सापडत नाही' म्हणतो तेव्हा व्हेन (शीर), आणि 'नस चढली' म्हणतो तेव्हा बहुधा स्नायूचा गोळा. असेच आणखी काही शब्द आहेत. 'हात' म्हणजे आपल्याकडे खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं, पण ॲनाटॉमीत 'आर्म' फक्त दंड, खांदा ते कोपर. 'लेग' फक्त गुडघा ते घोटा, वर मांडी वेगळी आणि खाली पाऊल वेगळं. 'पोट' म्हणजे जठरही आणि सगळं उदरही. पेशंट 'पित्त झालंय' म्हणतो तेव्हा त्याला जळजळ सांगायची असते किंवा अंगावरच्या गांधी, यकृतातलं पित्त क्वचितच. काळीज बोलण्यात हृदय असतं आणि मटणाच्या दुकानात यकृत.

नसेचा घोळ कायमचा मिटवायचा तर स्वतःच्या कोपराच्या खळग्यात चारही गोष्टी चाचपा. तळहात वर करून कोपर काटकोनात वाकवा, दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवा आणि जोर लावून आणखी वाकवायचा प्रयत्न करा. खळग्याच्या मधोमध ताठ दोरीसारखं येतं ते बायसेप्सचं, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूचं, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी). आता हात सैल सोडून सरळ करा आणि त्या दोरीच्या आतल्या बाजूला, करंगळीकडे, बोटं थोडी दाबून ठेवा. ठोका लागतो ती ब्रेकियल आर्टरी (दंडाची धमनी). बीपी घेताना स्टेथो इथेच ठेवतात. तिच्याही आत मीडियन नर्व्ह असते, ती हाताला नीट लागत नाही. म्हणून नर्व्हसाठी कोपराच्या आतल्या टोकदार हाडामागे जा. तिथे हळूच टिचकी मारली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती अल्नर नर्व्ह. आता दंडावर पट्टा बांधा. खळग्यात वरवर फुगून येते, दाबली की लवचिक लागते आणि ठोका देत नाही, ती मीडियन क्युबिटल व्हेन. रक्त इथून घेतात. पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका.

बाहेरून आत क्रम लक्षात ठेवा: टेंडन, आर्टरी, नर्व्ह. सुई खोल आणि आतल्या बाजूला गेली तर काय लागेल, ते या क्रमातच आहे.

मनगटाच्या हाडांना आकारांवरून नावं दिली आहेत, तेव्हा आकारच पाठ करा. अंगठ्याकडून करंगळीकडे, वरची ओळ: नाव म्हणजे स्केफॉइड, चंद्रकोर म्हणजे ल्युनेट, तिकोनी म्हणजे ट्रायक्वेट्रम, वाटाणा म्हणजे पिसिफॉर्म. खालची ओळ पुन्हा अंगठ्याकडून: ट्रॅपिझियम, ट्रॅपिझॉइड, मग सगळ्यात मोठं कॅपिटेट, शेवटी आकडीवालं हॅमेट. वाटाणा तर हाताला लागतो, तळहाताच्या तळाशी करंगळीच्या बाजूला. स्केफॉइडचं महत्त्व जास्त. हात टेकून पडलं की मनगटाच्या या आठांपैकी बहुधा तेच मोडतं, आणि त्याला रक्त बोटांकडच्या टोकातून शिरतं. मधे मोडलं तर कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो मरू शकतो. 'का' असं लक्षात आलं की हाड विसरत नाही.

मणके ७, १२, ५, ५, ४. मान, पाठ, कंबर, मग जुळलेले त्रिकास्थीचे आणि माकडहाडाचे. मान पुढे वाकवली की मागे जो ठळक उंचवटा येतो तो बहुधा सातवा. कमरेवर दोन्ही हात ठेवून खुब्याच्या हाडांचे वरचे काठ एका रेषेत जोडले की कंबरेचा चौथा मणका.

फासळ्या वरून मोजू नका, पहिली हासळीखाली लपलेली असते. गळ्याच्या खड्ड्यातून बोट छातीच्या मधल्या हाडावर साधारण ५ सेंटिमीटर खाली आणा. आडवा उंचवटा लागेल. त्याच्या बाजूला जी फासळी ती दुसरी. तिच्याखालची जागा दुसरी. तिथून डाव्या बाजूला थोडं बाहेर सरकून मोजत पाचव्या जागेत, हासळीच्या मध्यातून उतरणाऱ्या रेषेवर आलात की हृदयाचा ठोका. अगदी हाडाच्या कडेने मोजलं तर खालच्या कूर्चा एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि मोजणी चुकते.

कृष्णाकाठ

तिसऱ्या प्रश्नाला एक स्वस्त उत्तर: खाटकाकडून बोकडाचं हृदय आणा. 'चीर न देता, वरच्या नळ्यांसकट' असं आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर ते स्वच्छ करायला उभं चिरून देतात आणि झडपा जातात. हातमोजे घाला, वाहत्या पाण्याखाली गुठळ्या काढा. दाबून पाहा, जी बाजू घट्ट लागते ती डावी. पुढून निघणारी नळी पल्मनरी, तिच्या मागची जाड भिंतीची एओर्टा. कापण्याआधी एओर्टात वरून पाणी ओता. झडप निरोगी असेल तर पाणी तुंबून राहतं आणि तीन पाकळ्या मिटलेल्या दिसतात. मग दोन्ही कप्पे उघडा. डाव्या कप्प्याची भिंत उजव्याच्या जवळपास तिप्पट जाड दिसेल, कारण एक सगळ्या शरीराला ढकलतो आणि दुसरा शेजारच्या फुप्फुसांना. झडपांना धरून ठेवणारे पांढरे दोरे बोटाने ओढून पाहा.

गुर्दाही चालतो, पण बोकडाच्या गुर्द्यात पिरॅमिड (आतले तिकोनी भाग) एकत्र जुळलेले असतात, माणसात ते वेगळे मोजता येतात. जठर मात्र आणू नका, रवंथ करणाऱ्याचं चार कप्प्यांचं असतं, त्यातून गोंधळच वाढेल.

नवशिकी

कोपराचं आत्ता करून पाहिलं, झिणझिण्या आल्या! चौथा प्रश्न राहिला फक्त.

अस्थिपंजर

हाड हातात मिळालं की लगेच बोलू नका, आधी ते स्वतःच्या शरीराला लावून धरा. टेबलावर ठेवून सांगितलं की डावं-उजवं उलटतं, कारण ते हाडाच्या मालकाचं सांगायचं असतं, बघणाऱ्याचं नव्हे. तीन गोष्टी ठरवायच्या: वर कुठलं टोक, पुढे कुठली बाजू, आत कुठली. तिन्ही ठरल्या की बाजू आपोआप येते.

मांडीचं फीमर: चेंडूसारखं डोकं वर आणि आत. दांड्यावरची खरखरीत लांब रेघ (लिनिया ॲस्पेरा) मागे. ती रेघ मागे ठेवून धरलं आणि डोकं तुमच्या डावीकडे वळलं, तर हाड उजव्या मांडीचं. नडगीचं टिबिया: रुंद टोक वर, धारदार कडा पुढे, खाली आतल्या बाजूला घोट्याचा उंचवटा. दंडाचं ह्यूमरस: डोकं वर आणि आत, खालच्या टोकाचा खोल खड्डा मागे, कारण कोपर सरळ केलं की अल्नाचं, म्हणजे कोपराखालच्या करंगळीकडच्या हाडाचं, टोक त्यात बसतं.

परीक्षकांना याच क्रमाने सांगा: नाव, बाजू, मग बाजू कशावरून ओळखली. 'उजवं फीमर, कारण डोकं आत आणि लिनिया ॲस्पेरा मागे.' आणि कवटी दिली तर खालून दोन्ही हातांनी धरा. डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलली की आतली पातळ हाडं तुटतात.