एफएम प्रक्षेपणासोबत आरडीएस सुरू करण्याबाबत

प्रश्न

आमचे एफएम केंद्र स्टिरिओमध्ये प्रक्षेपण करते. केंद्राचे नाव, सुरू असलेल्या गाण्याची माहिती आणि आपत्तीच्या सूचना आरडीएसने (रेडिओ डेटा सिस्टीम, म्हणजे एफएम संकेतासोबतच मजकूर पाठवण्याची पद्धत) श्रोत्यांच्या रेडिओवर दिसाव्यात, असा विचार आहे. त्यासाठी वेगळी वारंवारता लागेल का, आवाजावर परिणाम होईल का आणि याच मार्गाने छायाचित्रे पाठवता येतील का?

उत्तर १

वेगळी वारंवारता लागत नाही. स्टिरिओ संकेत ५३ किलोहर्ट्झला संपतो आणि त्याच्या वरच्या मोकळ्या जागेत, १९ किलोहर्ट्झच्या पायलट टोनच्या (रेडिओला स्टिरिओ ओळखता यावा म्हणून पाठवलेल्या स्थिर स्वराच्या) बरोबर तिप्पट असलेल्या ५७ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर, म्हणजे मुख्य संकेतातच बसवलेल्या दुय्यम लहरीवर, आरडीएस बसते. वेग मात्र सेकंदाला अवघा ११८७.५ बिट आहे. त्यातही २६ बिटांच्या प्रत्येक ब्लॉकमधील १० बिट चुका ओळखण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी खर्च होतात, त्यामुळे छायाचित्रांचा विचार इथेच सोडून द्यावा. त्यासाठी एचडी रेडिओसारखी, मूळ एफएम संकेताच्या दोन्ही बाजूंना डिजिटल पट्टे जोडणारी पद्धत लागते आणि श्रोत्यांकडेही त्या पद्धतीचे रेडिओ असावे लागतात.

उत्तर २

वरील उत्तराला एक जोड देतो. चार ब्लॉकचा एक ग्रुप होतो आणि सेकंदाला सुमारे ११.४ ग्रुप जातात. केंद्राचे आठ अक्षरी नाव पूर्ण व्हायला चार ग्रुप लागतात, तर ६४ अक्षरांच्या रेडिओटेक्स्टला (नावाव्यतिरिक्त दिसणाऱ्या लांब मजकुराला) सोळा. म्हणून कोणत्या ग्रुपला किती वाटा द्यायचा, हे एन्कोडर (आरडीएस संकेत तयार करणारे उपकरण) सुरू करण्यापूर्वीच कागदावर ठरवावे.

गाण्याचे शीर्षक केंद्राच्या नावाच्या जागेत सरकवत दाखवण्याचा मोह कृपया टाळा. आम्ही सुरुवातीला तेच केले होते आणि माझ्या गाडीच्या रेडिओने केंद्र साठवताना नावाऐवजी शीर्षकाचा मधलाच तुकडा बटणाखाली जपून ठेवला. पुढे कित्येक दिवस तोच दिसत राहिला. ती जागा स्थिर नावासाठीच आहे, शीर्षक रेडिओटेक्स्टमध्येच द्यावे. आरडीएसच्या मूळ अक्षरसंचात देवनागरी नाही, म्हणून जुन्या रेडिओंसाठी मराठी नावे रोमन लिपीत लिहावी लागतात, हे मला आजही खटकते. नव्या मानकात यूटीएफ-८ या, देवनागरीही सामावणाऱ्या अक्षरसंकेताची सोय आहे, पण त्यासाठी रेडिओही नवे हवेत.

उत्तर ३

आवाजाबद्दल सांगतो. एकूण ७५ किलोहर्ट्झ विचलनापैकी (वाहक लहरीची वारंवारता जितकी वरखाली होऊ शकते, त्या मर्यादेपैकी) आरडीएसला साधारण २ किलोहर्ट्झ दिले जातात. तेवढी जागा ध्वनीतून काढली तरी आवाज जेमतेम पाव डेसिबलने उतरतो, जो कानाला कळत नाही. मात्र जागा न काढता आरडीएस वरून मिसळले, तर विचलनाची मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे पातळी मॉड्युलेशन मॉनिटरवर (विचलन मोजणाऱ्या उपकरणावर) पाहूनच ठरवावी.

आपत्तीसाठी कार्यक्रमाचा प्रकार रेडिओला कळवणाऱ्या संकेतांकांपैकी ३१ हा संकेतांक राखून ठेवलेला आहे. तो मिळताच काही रेडिओ आपोआप सूचनेकडे वळतात, म्हणून चाचणीसाठी तो चुकूनही वापरू नये. त्यासाठी ३० हा स्वतंत्र संकेतांक आहे.