मदत हवी आहे: वायरलेसमध्ये पीएचडी, फिजिक्सवालीने कुठे अर्ज करावा? (मुदत शुक्रवार)

तरंगिणी:
नमस्कार. मला वायरलेस कम्युनिकेशनमध्ये पीएचडी करायची आहे, पुण्यातच. एका ठिकाणची मुदत शुक्रवारी संपतेय आणि त्यांना दोन पानी संशोधन आराखडा हवाय. दुसरीकडे फोन केला तर "फिजिक्सवाल्यांना घेत नाही" म्हणून ठेवूनच दिला. गेले तीन दिवस नुसत्या वेबसाइटी उघडतेय. कुठे अर्ज करू, आराखड्यात काय लिहू? कृपया लवकर सांगा.

पाषाणकर:
एमएससी की एमटेक? नेट, गेट, जेस्ट या परीक्षांपैकी कुठली दिलीय? स्कोअर कुठल्या वर्षीचा? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

दूरदेशी:
पुण्याचा हट्ट सोडा. स्वीडन, फिनलंडमध्ये पीएचडी म्हणजे पगारी नोकरी असते. वायरलेससाठी लिंकोपिंग आणि औलू ही विद्यापीठं बघा. मारी क्युरी या युरोपीय संघाच्या संशोधन योजनेतल्या जागाही बघा, त्यात एक अट अशी की मागच्या 36 महिन्यांत त्या देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. मी असाच बाहेर पडलो, आयुष्य बदललं.

सुमेधा_प:
औंधला ब्रेमेन चौकाजवळ मुलींसाठी चांगलं पीजी आहे, हवं असेल तर सांगते. मेसही घरगुती आहे.

तरंगिणी:
@सुमेधा ताई, मी कोथरूडला घरीच राहते. @दूरदेशी, बाबांचं डायलिसिस चालू आहे, सध्या पुणं सोडता येणार नाही. एमएससी फिजिक्स झालंय, गेट याच वर्षी पास झालेय. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) नाही.

पाषाणकर:
गेट कुठल्या पेपरची? फिजिक्सची की इलेक्ट्रॉनिक्सची?

तरंगिणी:
फिजिक्सची. त्याने फरक पडतो का?

पाषाणकर:
पडतो की! इंजिनिअरिंग विभागाच्या जाहिरातीत कुठली पदवी आणि कुठला पेपर चालतो ते लिहिलेलं असतं, ते आधी वाच. गेटचा स्कोअर 3 वर्षं चालतो, त्यामुळे वर्ष वाया गेलं असं समजू नकोस. एखाद्या गाईडच्या प्रोजेक्टवर जेआरएफ म्हणजे पगारी संशोधक म्हणून लागण्याचाही रस्ता आहे. पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000, पुढे 42,000, घरभाडे भत्ता वेगळा. आधी प्रोजेक्ट, मग त्याच गाईडकडे नोंदणी, असं पुष्कळ जण करतात.

नारायणगावकर:
ताई, वायरलेस म्हणजे फक्त मोबाइल नव्हे. आमच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. विज्ञान दिनाला दरवर्षी जातो. डिश भरीव पत्र्याची नाही, बारीक तारांच्या ताणलेल्या जाळीची आहे. वारा आरपार जातो म्हणून एवढं मोठं धूड हलक्या सांगाड्यावर उभं राहतं. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांचं डोकं! फोन बंद ठेवायला सांगतात, कारण आकाशातून येणाऱ्या क्षीण सिग्नलपुढे आपल्या फोनची कुजबुजसुद्धा आरडाओरडा ठरते. रिसीव्हर, कमी नॉइझचे अॅम्प्लिफायर, इंटरफेअरन्स काढणं, सगळं वायरलेसच. आयुका आणि एनसीआरए या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्था मिळून पीएचडी प्रवेशासाठी आयनॅट परीक्षा घेतात, ती दे.

कोडवर्ड:
ती खगोलशास्त्राची वाट झाली, तिने विचारलंय कम्युनिकेशन. आजचं वायरलेस म्हणजे प्रॉबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जिब्रा. मॅसिव्ह मायमो (एकाच टॉवरवर पुष्कळ अँटेना), चॅनल एस्टिमेशन (वाटेत सिग्नल कसा बदलतो याचा अंदाज). त्यात फिजिक्सचं काय काम?

नारायणगावकर:
अँटेना काय प्रॉबॅबिलिटीने चालते? मॅक्सवेलची समीकरणं कोणाची? जगदीशचंद्र बोसांनी 1895 साली कोलकात्यात मिलिमीटर लहरी दाखवल्या, ते फिजिक्सचेच प्राध्यापक होते.

मॅडम_इलेक्ट्रॉनिक्स:
दोघंही थांबा. तरंगिणी, तुला अँटेनाच्या बाजूचं काम करायचंय की सिग्नलच्या? आणि एमएससीचा प्रोजेक्ट काय होता? तू हे सांगितलंच नाहीस, आणि आराखडा त्यातूनच निघणार आहे.

एक गोष्ट आताच सांगून ठेवते, कारण मला ती उशिरा कळली. इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचं असेल तर एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) नियमात बीई, एमई लागते. एमएससीनंतर इलेक्ट्रॉनिक्समध्ये पीएचडी केली तरी तिथे अडतं. संशोधन संस्थेत किंवा उद्योगात जायचं असेल तर चिंता नाही. कुठे जायचंय ते ठरव, मग विभाग निवड.

तरंगिणी:
शिकवायचं नाही, लॅबमध्येच राहायचंय. प्रोजेक्ट 2.45 गिगाहर्ट्झच्या पॅच अँटेनाचा (बोर्डावर छापलेली चपटी अँटेना) होता, एफआर-फोर या नेहमीच्या सर्किट बोर्डवर. सिम्युलेशनमध्ये डिप (ग्राफमधला खड्डा, तिथे अँटेना सर्वात चांगली चालते) बरोबर 2.45 ला होता, मोजला तर 2.38 ला आला. तीन बोर्ड केले, तिन्ही खालीच सरकले. सर म्हणाले एरर म्हणून लिही आणि सबमिट कर. मला ते अजून खुपतंय.

मॅडम_इलेक्ट्रॉनिक्स:
अगं, मग हाच तुझा आराखडा! तीन बोर्ड एकाच दिशेला सरकले याचा अर्थ बोर्डाची परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो ते) तू धरलीस त्यापेक्षा जास्त असणार. एफआर-फोरमध्ये ती बॅचगणिक बदलते. 2.45 ला ही गत, तर 2022 च्या स्पेक्ट्रम लिलावात आपल्याकडे 26 गिगाहर्ट्झचा पट्टा विकला गेलाय, तिथे काय होईल? तिथे एफआर-फोर सिग्नलच गिळून टाकतो. कमी लॉसचे बोर्ड घेऊन रिंग रेझोनेटरने (बोर्डावर छापलेल्या कड्याने) परमिटिव्हिटी नीट मोजायची आणि त्यावरून अँटेना करायची. हा प्रश्न फिजिक्सचा आहे आणि वायरलेसचाही. गिरीनगरचं डीआयएटी हे संरक्षण खात्याचं अभिमत विद्यापीठ बघ, इलेक्ट्रॉनिक्स आणि अप्लाइड फिजिक्स दोन्ही विभाग आहेत. विद्यापीठाच्या फिजिक्स विभागातही चौकशी कर. फोनवर नको, समक्ष जा आणि 2.38 च्या डिपचा तो ग्राफ घेऊन जा.

कोडवर्ड:
हे मला पटलं. फक्त आराखड्यात "6जी" दहा वेळा लिहू नका.

पाषाणकर:
मोजताना उपकरणाचं कॅलिब्रेशन केलं होतं ना? मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येईल.

तरंगिणी:
ओपन, शॉर्ट, लोड, तिन्ही जोडून कॅलिब्रेशन केलं होतं, केबलच्या टोकाशी. केबल जोडायचा एसएमए कनेक्टर मात्र त्यानंतर बोर्डावर सोल्डर केलेला. त्याचा परिणाम धरला नव्हता.

मॅडम_इलेक्ट्रॉनिक्स:
हेही जसंच्या तसं लिही. गुरुवारी रात्री मसुदा इथेच टाक, मी वाचते.