मानधनावरचं वर्ष: दारोदार फिरलेल्या फेलोंचे अनुभव

गेल्या महिन्यात माझं फेलोशिपचं वर्ष संपलं. कुटुंबांना आधार देणाऱ्या एका संस्थेसाठी आउटरीच करत होते. म्हणजे लहान मुलं असलेल्या घरांपर्यंत पोचायचं, संस्थेत काय मिळतं ते सांगायचं आणि गरज असेल तिथे जोडून द्यायचं. वर्षभर नातेवाईक एकच विचारत राहिले, "म्हणजे नक्की नोकरी की समाजसेवा?" मला अजूनही धड उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा. असं वर्ष ज्यांनी काढलंय, अर्धवट सोडलंय, किंवा ज्यांच्या दारात असा फेलो येऊन उभा राहिलाय, त्या सगळ्यांनी लिहा. कुणाचं घर ओळखू येईल असं मात्र काही नको. आणि "खूप काही शिकायला मिळालं" हे वाक्य सगळ्यांचं अर्जात लिहून झालेलं आहे, ते इथे नको.

सुरुवात मी करते.

पहिले तीन आठवडे नुसती पत्रकं वाटली. ३४० पत्रकांवर दोन फोन आले, त्यातला एक राँग नंबर. 'कुटुंबासाठी आधार' हे शब्द आम्हाला आपुलकीचे वाटायचे, पण दारातल्या माणसाला त्यात चौकशीचा वास यायचा. "आमचं नाव कुणी दिलं?" हा पहिला प्रश्न ठरलेला. मुलाला नीट सांभाळत नाही अशी कुणीतरी तक्रार केली असणार आणि ही वही घेऊन तपासायला आली असणार, असा हिशोब. चौथ्या आठवड्यापासून मी रजिस्टर हातात धरणं बंद केलं. ते पिशवीत राहू लागलं आणि दारं थोडी जास्त उघडू लागली.

एका घरी महिन्याभराचं बाळ संध्याकाळ झाली की तासन्‌तास रडायचं. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. आई दारातच म्हणाली, "आत या, पण बोलता येणार नाही." मी ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं सांगितलं. तान्ह्या बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास वाढायला लागतं, दुसऱ्या महिन्यात सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत बरंच उतरतं. अगदीच सहन होईना तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर झोपवून पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत गेलं तर काही बिघडत नाही. काहीही झालं तरी गदागदा हलवायचं मात्र नाही. ती काहीच बोलली नाही. पुढच्या खेपेला गेले तर आमचं पत्रक कपाटाच्या दारावर उलटं चिकटवलेलं. छापील बाजू आत, कोरी बाजू बाहेर, आणि तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा. ती आठवडे मोजत होती. त्या ३४० पत्रकांतलं हे एक नक्की कामी आलं.

दोन वर्षं केलेला फेलो

नोकरी की समाजसेवा याचं उत्तर बँक खात्यात मिळतं. मानधन म्हटलं की पगार मागायचा नसतो आणि फेलो म्हटलं की सुट्टी. कामाचे तास मात्र पूर्णवेळाचे. अमेरिकेत गरिबी हटवायला काम करणाऱ्या स्वयंसेवकांची व्हिस्टा नावाची योजना १९६५ पासून चालू आहे. तिथले सदस्य ज्या लोकांसाठी काम करतात त्यांच्यासारखंच राहतील, या विचाराने भत्ता दारिद्र्यरेषेच्या हिशोबाने ठरवतात. वाचायला फार उदात्त वाटतं. पण माझ्या बॅचमध्ये ज्यांनी वर्ष पूर्ण केलं त्यातल्या बहुतेकांना घरून पैसे येत होते, आणि जी मुलगी स्वतः तशाच घरातून आली होती, जिला प्रत्येक दारात काय बोलायचं हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं, ती पाचव्या महिन्यात सोडून गेली. प्रवासखर्च तिसऱ्या महिन्यात जमा व्हायचा. तोवर तो तिने कुठून घालायचा?

मी तिच्या वाटणीची घरं घेतली. त्यातली निम्मी माझ्याशी कधीच मोकळेपणाने बोलली नाहीत.

फेलोंची सुपरव्हायझर

मी टेबलाच्या पलीकडून लिहिते. बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपायला आम्ही एडिंबरा प्रश्नावली वापरतो. १९८७ ची, दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. यावरून निदान होत नाही, कुणाला पुढे पाठवायचं एवढंच कळतं. नव्या फेलोंना ती फारच सोपी वाटते. एकीने पहिल्याच आठवड्यात नऊ फॉर्म भरून आणले, सगळे शून्य-एक गुणांचे. मी विचारलं, खोलीत कोण कोण होतं? एका घरी सासूबाई, दुसरीकडे नवरा, तिसरीकडे शेजारीणसुद्धा. "तुम्हाला कधी उगाच रडू येतं का?" असं सासूसमोर विचारल्यावर कोण हो म्हणेल?

तिला परत पाठवलं, फॉर्मशिवाय. एका घरी ती कपडे वाळत घालायला मदत करत उभी राहिली आणि कपड्यांच्या आड बोलणं झालं. मग शांतपणे दहा प्रश्न. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्याला उत्तर आलं, "कधीकधी." फेलोने मला तिथूनच फोन केला, त्या आईपासून हलली नाही, आणि त्याच दिवशी आम्ही तिला डॉक्टरांपर्यंत नेलं.

संस्थांना माझं सांगणं आहे, आणि हे मी रागाने लिहितेय: उत्तर 'हो' आलं तर पुढच्या तासाभरात काय करायचं, हे ठाऊक नसलेल्या फेलोच्या हातात ती प्रश्नावली देऊ नका. माझ्या आधीच्या संस्थेत ती नुसती झेरॉक्स काढून वाटायचे.

पहिल्या वर्षातली

मला तर दारात एकच विचारतात, "तुला मुलं आहेत का?" मी तेवीस वर्षांची. नाही म्हटलं की समोरची हसते आणि सगळं संपतं. कुणाकडे उत्तर आहे का?

वरच्या ताईसाठी

नाही म्हणायचं आणि हसू द्यायचं. मग विचारायचं, "म्हणूनच तुम्हाला विचारतेय, तुमच्याकडे रात्र कशी जाते?"

तो प्रश्न विचारणारी बाई चुकीची नाही, हेही खरं. इंग्लंडमधली होम-स्टार्ट ही संस्था १९७३ साली लेस्टरमध्ये सुरू झाली तीच मुळी मुलं वाढवलेल्या माणसांनी दुसऱ्या पालकांच्या घरी जावं या कल्पनेवर. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतले संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांचा कार्यक्रम, त्यात नर्स घरी जाते. डेन्व्हरमध्ये त्यांनी नर्स आणि शिकवून तयार केलेल्या बिगर-नर्स कार्यकर्त्या, दोघींच्या भेटी तपासल्या. २००२ मध्ये निकाल छापून आले, नर्सच्या भेटींचा फरक जास्त होता. आपण ना अनुभवी पालक, ना नर्स. मात्र त्या कार्यक्रमातली मला जास्त बोचलेली गोष्ट वेगळीच आहे: तिथे भेटी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत चालतात. आपली फेलोशिप मूल रांगेपर्यंत टिकत नाही.

वडिलांसोबत काम केलेला

माझ्यासाठी दुपारची दारं उघडतच नसत, आणि ते योग्यच होतं. म्हणून मी संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांच्या वाटेवर उभा राहायचो. संस्थेच्या फॉर्मात आईसाठी २३ प्रश्न होते. वडिलांसाठी दोन रकाने: नाव आणि व्यवसाय. एका बापाने तो फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "रात्री दोनला मीच उठतो, ते कुठे लिहू?" मी समासात लिहिलं. ऑफिसात डेटा भरणाऱ्याने समास अर्थातच सोडून दिला.

मी फेलो नाही

मी तुमच्या रजिस्टरमधली 'केस'. तीन वर्षांत तीन फेलो आले. तिघेही चांगले होते, हे आधीच सांगते. पण नवरा सोडून गेल्याची गोष्ट मी तीनदा पहिल्यापासून सांगितली. दुसऱ्या फेलोला सांगताना मध्येच लक्षात आलं की मी ती पाठ म्हणतेय, रडायच्या जागीसुद्धा. तिसरी आली तेव्हा म्हणाली, "ताई, मी आधीचं वाचलंय, तुम्ही पुन्हा सांगू नका. धाकट्याच्या शाळेचं काय झालं?" आम्ही थेट शाळेच्या अर्जावर बसलो. तासाभरात काम झालं.

पहिली फेलो गेली तेव्हा तिने सांगितलंही नाही. मी दोन आठवडे त्या वारी घरी थांबले होते.

पुन्हा मी, धागा काढणारी

वरचं वाचून काल रात्री माझी हँडओव्हरची फाइल परत उघडली. त्यात भेटींच्या तारखा आहेत, रेफरल आहेत, काय झालं आणि काय राहिलं ते सगळं आहे. शेवटच्या भेटीला मी प्रत्येक घरी निरोप घेऊन आले होते, एक घर सोडून. तिथे दोनदा कुलूप होतं आणि मी तिसऱ्यांदा गेले नाही. 'केस' ताईंचं शेवटचं वाक्य वाचल्यावर आज सकाळी जाऊन आले.

फाइलच्या शेवटी एक पानभर आणखी जोडलं, फॉर्ममध्ये न बसणारं. कुठल्या घरी आजोबांना आधी नमस्कार करायचा. कुठे मोठी मुलगी समोर असताना पैशांचा विषय काढायचा नाही. पेन्सिलीच्या रेघांच्या घरी बेल वाजवायची नाही, बाळ आता दुपारी झोपतं, दारावर दोन बोटांनी टकटक करायची, म्हणजे तिला कळतं आपलं माणूस आहे.

माझ्या जागी आलेल्या मुलीचा तासाभरात फोन आला. बाकी सगळं समजलं, दोन बोटांनी म्हणजे किती जोरात? मी फोन टेबलावर ठेवला आणि वाजवून दाखवलं.